सायकलचं हँडल गळ्यावर लागलं तर

सायकल शिकताना पोरं पडणारच, गुडघे फुटतात, आपण हळद लावतो आणि विसरून जातो. पण पडताना हँडल गळ्यावर पुढून बसलं असेल तर ते अंगावर काढू नका, कारण तिथे कातडीखाली लगेचच श्वासनलिका असते आणि वरून नुसतं खरचटलेलं दिसत असलं तरी आत नळीला चीर गेलेली असू शकते. बाहेरच्या जखमेवरून आतला अंदाज येत नाही, एवढं तरी प्रत्येक आईबापाला माहीत असायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

लहान मुलांचं स्वरयंत्र मोठ्यांपेक्षा वर, जबड्याच्या आडोशाला असतं आणि कूर्चाही (म्हणजे मऊ हाड) लवचिक असते, त्यामुळे ती सहसा मोडत नाही, दबते आणि परत जागेवर येते. पण नळीच्या मागच्या बाजूला कूर्चा नसते, पातळ पडदाच असतो, तो दबताना फाटू शकतो. त्यात मुलांची नळी मुळातच अरुंद. ४ मिलिमीटरच्या नळीला आतून सगळीकडे १ मिलिमीटर सूज आली तर हवेची वाट पाव भागच उरते आणि हवेला होणारा अडथळा जवळजवळ १६ पट वाढतो. ही सूज काही तासांनीही वाढू शकते, म्हणून "आत्ता तर नीट खेळतोय" यावर विसंबू नका.

बघायचं काय? आवाज बसलाय का, बदललाय का, श्वास आत घेताना कर्कश आवाज येतोय का, खोकल्यातून रक्त पडतंय का, गिळताना दुखतंय का. आणि मानेवर हलकं बोट ठेवल्यावर कातडीखाली कुरमुरे भरल्यासारखं करकर लागलं, तर नळीतली हवा बाहेर झिरपतेय असं समजा आणि लगेच १०८ ला फोन करा. मूल ज्या स्थितीत बसून श्वास घेतंय तसंच राहू द्या, बळजबरीने आडवं करू नका, खायला प्यायला देऊ नका आणि शक्यतो रडू देऊ नका, रडलं की श्वासाचा जोर वाढतो.

हॉस्पिटलमध्ये एक्सरे आणि सीटी स्कॅनमध्ये बाहेर निसटलेली हवा दिसते, पण खात्री होते ती नळीत दुर्बीण घालून बघितल्यावरच. श्वासाची ट्यूब घालणं इथे फार जोखमीचं, आंधळेपणाने सरकवली तर अर्धवट फाटलेली नळी पूर्ण तुटू शकते, म्हणून अनुभवी भूलतज्ज्ञ आणि कान-नाक-घसा सर्जन दोघंही हजर असलेले बरे. चीर छोटी असेल, मूल स्वतः नीट श्वास घेत असेल तर बऱ्याचदा ऑपरेशन लागतच नाही, आयसीयूत लक्ष ठेवून, ऑक्सिजन देऊन ती आपोआप भरून येते. मोठी चीर किंवा तुटलेली नळी मात्र टाके घालूनच जोडावी लागते.

गळ्याला धोका फक्त हँडलचाच नाही, संक्रांतीच्या दिवसांत मांजाने गळा कापल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली तरी तो विकला जातोच, याचा खरंच संताप येतो. बाइकवर पुढे बसवलेल्या मुलाचा गळा तर अगदी उघडाच असतो. त्या दिवसांत मुलाला पुढे बसवूच नका.

आणि डिस्चार्ज मिळाला म्हणून तपासण्या सोडू नका, नळी भरून येताना आत व्रण आखडून ती काही आठवड्यांनी अरुंद होऊ शकते. पळताना दम लागायला लागला किंवा श्वासाला परत आवाज यायला लागला तर नुसता दमा समजून पंप देत बसू नका, आधी दुर्बिणीने बघून घ्या.