हात कोणाचा, झोप कोणाची? संमोहनोपचाराच्या अभ्यासक्रमामागचा जुना वाद

पणजीला मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियांचा, म्हणजे संमोहनाचा अभ्यास करणाऱ्या एका गोमंतकीय पाद्र्याचा पुतळा आहे. अंगात पाद्र्याचा झगा, दोन्ही हात पुढे पसरलेले आणि त्या हातांखाली मागे कलंडलेली एक बाई. रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकाराचं हे काम, १९४५ सालचं. पुतळा जिवंत आहे, जाता-येता थांबवतो. पण पाहणाऱ्याला वाटतं, की त्या बोटांतून काहीतरी निघतंय आणि बाईला जाऊन लागतंय. फारियांनी उतारवयात पॅरिसमध्ये जी काही मेहनत घेतली, ती नेमका हाच समज खोडून काढण्यासाठी होती.

संमोहनोपचार शिकायला बसलेल्या माणसापुढे आज साधारण एक ठरलेला क्रम ठेवतात. आधी बोलून शंका आणि भीती दूर करायची, मग सूचनाक्षमतेच्या (माणूस सूचना किती सहज घेतो याच्या) चाचण्या, मग त्या अवस्थेत नेणं (वर्गात सगळे ‘इंडक्शन’च म्हणतात), ती खोल करणं, उपचाराच्या सूचना, जागं झाल्यावर लागू पडणाऱ्या सूचना आणि शेवटी माणसाला व्यवस्थित परत आणणं. हा क्रम कुणी एका बैठकीत आखलेला नाही. यातली जवळजवळ प्रत्येक पायरी एका भांडणाचा गाळ आहे, आणि भांडण अडीचशे वर्षं एकच चाललंय: ताकद करणाऱ्याची, की ज्याच्यावर करायचं त्याची?

सुरुवात व्हिएन्नाच्या फ्रान्झ अँटन मेस्मरपासून करायची रीत आहे. सगळ्या विश्वात एक सूक्ष्म द्रव भरलेला आहे, शरीरात त्याचा तोल गेला की रोग होतो आणि योग्य माणूस तो आपल्या देहातून दुसऱ्याकडे वळवू शकतो, असा त्याचा सिद्धान्त. त्याला तो ‘प्राणिज चुंबकत्व’ म्हणे. १७७८ मध्ये तो पॅरिसला आला आणि शहर वेडं झालं. झाकण लावलेलं लाकडी पिंप, त्यातून बाहेर आलेल्या लोखंडी सळ्या, भोवती दाटीवाटीने बसलेले रोगी. सळी दुखऱ्या भागाला लावायची. थोड्या वेळाने कुणाला हुंदके, कुणाला झटके. हे झटके म्हणजेच बरं होण्याची खूण असं मेस्मर मानत असे.

१७८४ मध्ये फ्रान्सचा राजा सोळावा लुई याने चौकशी मंडळ नेमलं. त्यात बेंजामिन फ्रँकलिन होता आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएही. मेस्मर स्वतः बाजूला राहिला. प्रयोग त्याचा शिष्य देसलों याने करून दाखवले. पॅरिसजवळ पासीला फ्रँकलिनच्या बागेत देसलोंने एक झाड ‘भारलं’ आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकेका झाडापाशी नेलं. मुलगा चौथ्या झाडाला मिठी मारून बेशुद्ध पडला. भारलेलं झाड दुसरंच होतं, बरंच दूर. मंडळाने निष्कर्ष काढला: द्रव नाही, आहे ती कल्पनाशक्ती. या निष्कर्षाने मेस्मर संपला, असं सांगतात. माझ्या मते मंडळाच्या हाती त्याहून मोठी गोष्ट लागली होती आणि त्यांनी ती टाकून दिली. नुसत्या कल्पनेने धडधाकट पोरगं बेशुद्ध पडतं, तर ती कल्पना तपासायला नको का?

त्याच वर्षी, पॅरिसपासून दूर ब्युझांसीला, मार्की द प्युसेग्यूर या जमीनदाराने व्हिक्तोर रास नावाच्या शेतकरी पोरावर मेस्मरची रीत चालवून पाहिली. झटके आलेच नाहीत. पोरगा शांत झोपेत गेला आणि त्या झोपेत नीट बोलू लागला. झटक्यांची जागा शांततेने घेतली ती तिथून.

आता फारिया. जुझे कुस्तोदियो द फारिया, जन्म ३१ मे १७५६, बारदेशातल्या कांदोळीचा. १७७१ मध्ये वडिलांबरोबर पोर्तुगालला गेले, पुढे रोमला शिकले, पाद्री झाले. गोव्यात एक आख्यायिका अजून सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन द्यायला तरुण फारिया उभे राहिले आणि समोरचे बडे लोक पाहून त्यांची वाचाच बसली. तेव्हा वडिलांनी खालून कोकणीत पुटपुटलं, “ही सगळी भाजी, कातर रे भाजी.” आणि जीभ सुटली. ती घडली असो वा नसो, सूचनेचा धडा म्हणून याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही: कानाला ओळखीचा आवाज, आपली भाषा, चार शब्द, डोळ्यांपुढे उभं राहील असं चित्र. हुकूम नाही, उपदेश तर नाहीच.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीतून जाऊन, मार्सेय आणि नीमला शिकवून फारिया १८१३ मध्ये पॅरिसला आले आणि क्लिशी रस्त्यावर त्यांनी जाहीर व्याख्यानं सुरू केली. प्रवेश पाच फ्रँक. सावळा, उंच, विचित्र उच्चारांचं फ्रेंच बोलणारा पाद्री बघायलाच निम्मी गर्दी येत असावी. ते माणसाला आरामात बसवत, डोळे मिटून फक्त झोपेचा विचार करायला सांगत, थोडा वेळ गप्प राहत आणि मग खणखणीत आवाजात म्हणत, “झोपा!” नाही साधलं तर पुन्हा. तरीही नाही, तर उघडा पंजा समोर धरून त्याच्याकडे टक लावायला सांगत आणि तो हळूहळू जवळ आणत. म्हणजे हात होता, पण नजर खिळवायला. द्रव ओतायला नाही. त्यांचं म्हणणं स्वच्छ होतं: माझ्याकडून काहीही जात नाही, जे होतं ते तुमच्या आत होतं. या अवस्थेला त्यांनी ‘जागती झोप’ या अर्थाचं नाव दिलं आणि तिचं कारण म्हणून ‘एकाग्रता’ हा शब्द वापरला. साध्या पाण्याला दुसरी चव आणून दाखवणं, जागं झाल्यावर करायची गोष्ट झोपेत सांगून ठेवणं, हेही त्यांच्या प्रयोगांत होतं. आजच्या वर्गातला निम्मा ऐवज तिथे दिसतो.

सगळंच बरोबर होतं असं नाही. काही माणसं पटकन झोपतात आणि काही मुळीच नाही, हे त्यांनी अचूक टिपलं, पण कारण लावलं पातळ रक्ताचं. एका नटाने झोपेचं सोंग घेऊन त्यांना फजीत केलं, रंगभूमीवर त्यांची टवाळी झाली, गर्दी आटली. चार खंडांच्या नियोजित ग्रंथातला पहिलाच खंड होऊ शकला, तो १८१९ चा. त्याच वर्षी २० सप्टेंबरला ते गेले. पुढे आलेक्सांद्र द्यूमाने आपल्या कादंबरीतल्या एका कैदी पाद्र्याला त्यांचं नाव दिलं आणि जग त्यांना ओळखतं ते त्या कैद्यामुळे.

‘संमोहन’ हा आपला शब्द ‘मोह’ घेऊन येतो, युरोपातला ‘हिप्नॉटिझम’ झोप. दोन्ही दिशाभूल करतात. तो युरोपी शब्द रुजवणाऱ्यालाच नंतर पस्तावा झाला. जेम्स ब्रेड हा मँचेस्टरचा स्कॉटिश शल्यचिकित्सक. नोव्हेंबर १८४१ मध्ये लाफाँतेन नावाच्या फिरत्या फ्रेंच मेस्मरवाद्याचा खेळ बघायला तो गेला, लबाडी पकडायच्या इराद्याने. दिसलं एवढंच, की त्या माणसाच्या पापण्या खरोखरच उघडत नाहीत. घरी येऊन त्याने मित्राला बाटलीच्या तोंडाकडे आणि बायकोला साखरेच्या भांड्यावरच्या नक्षीकडे एकटक बघायला लावलं. दोघांचेही डोळे मिटले. बोटं फिरवली नव्हती, द्रवाचा प्रश्नच नव्हता. पुढे तो आपल्या शस्त्राची डबी डोळ्यांपासून आठ ते पंधरा इंचांवर, कपाळाच्या किंचित वर धरत असे, म्हणजे बघणाऱ्याला डोळे ताणून वर पाहावं लागे आणि ते लवकर थकत. ‘नजर स्थिर करणं’ म्हणून आज शिकवतात ते हेच. (झुलतं खिशातलं घड्याळ ही पडद्यावरची करामत, ब्रेडची डबी स्थिर असे.) १८४३ मध्ये त्याने पुस्तक लिहिलं. १८४७ च्या सुमाराला त्याला कळून चुकलं, की ही झोप नाहीच, मन एकाच कल्पनेवर खिळणं आहे. त्याने ‘एककल्पना’ अशा अर्थाचं नवं नाव सुचवलं. ते कुणी घेतलं नाही.

त्याच दशकात बंगालमध्ये उलटी दिशा दिसते. हुगळीला कंपनी सरकारचा डॉक्टर जेम्स एस्डेल याने एप्रिल १८४५ मध्ये एका कैद्यावर मेस्मरची रीत वापरली आणि पुढे तिच्या जोरावर मोठमोठ्या गाठी कापल्या. १८४६ मध्ये कलकत्त्यात त्याच्यासाठी प्रायोगिक रुग्णालय निघालं. श्रेय त्याचं मानतात, पण तासन् तास रोग्याच्या उशाशी अंधाऱ्या खोलीत बसून अंगावरून हात फिरवण्याचं काम करत ते त्याने शिकवून तयार केलेले हिंदू-मुसलमान मदतनीस. शिकवून तयार केलेले संमोहनकार म्हणायचे तर आपल्याकडचे हे अगदी सुरुवातीचे, आणि त्यांची नावं कुणाच्या तोंडी नाहीत. ऑक्टोबर १८४६ मध्ये बॉस्टनला इथरने भूल देण्याचा प्रयोग झाला, साधारण वर्षभराने क्लोरोफॉर्म आलं. मिनिटांत होणाऱ्या कामासाठी दोन तास कोण बसणार?

खरी वर्गखोली उभी राहिली ती फ्रान्समधल्या नान्सीला. लिएबो हा खेड्यापाड्यातल्या लोकांचा डॉक्टर. नेहमीचं औषध हवं असेल तर पैसे, संमोहन हवं असेल तर फुकट, असा त्याचा व्यवहार. साहजिकच पुष्कळांनी फुकटचं घेतलं. १८८२ मध्ये विद्यापीठातला प्राध्यापक बेर्नहाइम त्याच्याकडे गेला, पाहिलं आणि त्याचाच झाला. दोघांचं म्हणणं असं, की सगळं काम सूचनेचं आहे आणि सूचना घेणं हा निरोगी मनाचा साधा गुण आहे. तिकडे पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात मज्जारोगतज्ज्ञ शार्को सांगत होता, की संमोहन हा उन्मादाचाच (हिस्टेरियाचाच) प्रकार, त्याच्या तीन ठराविक अवस्था असतात, आणि भरलेल्या सभागृहापुढे रोगी त्या तिन्ही क्रमाने दाखवतही. बेर्नहाइमने बोट ठेवलं ते इथेच: रोगी त्या अवस्था दाखवतात, कारण आपल्याकडून काय अपेक्षित आहे हे त्यांना ठाऊक झालंय.

१९५९ मध्ये अमेरिकेत मार्टिन ऑर्न याने हाच संशय प्रयोगात बसवला. विद्यार्थ्यांच्या एका गटाला व्याख्यानात मुद्दाम खोटं सांगितलं, की संमोहनात माणसाचा नेहमीच्या वापरातला हात आपोआप ताठ राहतो. नंतर त्या गटातल्या बऱ्याच जणांचा तो हात ताठ राहिला. ज्यांना हे सांगितलं नव्हतं त्यांचा नाही. शिकणाऱ्याने पहिल्या आठवड्यातच हे मनावर कोरून घ्यावं, असं मला वाटतं. समोरचा माणूस तुम्हाला जे दाखवतोय त्यातलं किती तुम्हीच त्याच्या हातात दिलंय?

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड शार्कोकडेही गेला आणि १८८९ मध्ये नान्सीलाही. पुढे त्याने संमोहन सोडलं, रोग्याला कोचावर आडवं करून बोलतं करणं तेवढं ठेवलं. त्रुआचा औषधविक्या एमिल कुए याने लिएबोचाच धागा पकडला, पण करणाऱ्याला पार हटवलं: सूचना स्वतःच स्वतःला द्यायची. इच्छा आणि कल्पना यांची झुंज लागली तर कल्पना जिंकते, हे त्याचं सूत्र. बोटं घट्ट गुंफा आणि ‘सुटत नाहीत’ असा विचार करत सोडवायचा प्रयत्न करा, ही वर्गात हमखास होणारी चाचणी तोही करून घेत असे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर दोन अमेरिकन माणसांनी पद्धती घडवल्या. डेव्ह एलमन हा मुळात रेडिओवरचा माणूस. १९४९ पासून डॉक्टर आणि दंतवैद्यांना शिकवू लागला. त्यांना वेळ नसतो, म्हणून त्याची रीत काही मिनिटांची. डोळे मिटवायचे, उघडवायचे, पुन्हा मिटवायचे; दर फेरीला माणूस अधिक खोल जातो. ही मिट-उघडीची युक्ती त्याच्या आधी ऑस्कर फोग्ट या जर्मन डॉक्टरच्या नावावर आहे. मिल्टन एरिक्सन त्याच्या अगदी उलट. सतराव्या वर्षी पोलिओने खिळून पडलेला असताना घरच्यांचं बोलणं आणि देहबोली निरखत राहिला, आणि पुढे मनोविकारतज्ज्ञ झाल्यावर ‘झोपा’ म्हणण्याऐवजी गोष्ट सांगू लागला. माणसाचा विरोधसुद्धा तो उपयोगाला लावत असे. त्याची नक्कल करणारे भरपूर झाले. पण त्याची कला पाहण्यात होती आणि पाहणं दोन दिवसांच्या शिबिरात उचलता येत नाही.

१९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने आणि १९५८ मध्ये अमेरिकनने या उपचाराला वैद्यकात जागा दिली. १९५९ मध्ये स्टॅनफर्डच्या वाइट्झेनहॉफर आणि हिलगार्ड यांनी बारा कसोट्यांची मोजपट्टी बांधली: हात जड होणं, हात ताठ होणं, नसलेली माशी भणभणणं, झालेलं विसरणं. या मोजमापाने फारियांचं निरीक्षण खरं ठरवलं. माणसामाणसांत फरक आहे, तो बऱ्यापैकी टिकाऊ आहे आणि संमोहनकार कितीही निष्णात असला तरी तो फारसा पुसला जात नाही. १९८४ मध्ये ब्रेडच्याच मँचेस्टरमध्ये व्हॉरवेल यांनी आतड्याच्या चिवट तक्रारींच्या तीस रोग्यांवर नियंत्रित चाचणी घेतली. संमोहनोपचार मिळालेल्यांना स्पष्ट फरक पडला. सगळ्यांत पक्का पुरावा ज्या आजारांत आहे, त्यातला हा एक.

स्मृतीच्या बाबतीत मात्र पुरावा उलटा बोलतो. संमोहनात आठवणी वाढतात तशा चुकीच्याही वाढतात, आणि त्यांच्यावरचा विश्वास तर हमखास वाढतो. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने संमोहनातून आठवलेल्या साक्षीला मर्यादा घातल्या त्या याच कारणाने. आपल्याकडे पूर्वजन्मात नेणारी सत्रं जोरात विकली जातात. मागच्या जन्मात कोण राजा होता, कोण देवदासी, हे ऐकायला रंगतदार असतं. ऑर्नच्या विद्यार्थ्यांचा ताठ हात तेवढा आठवावा.

भारतात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २००३ च्या आदेशात संमोहनोपचाराचा उल्लेख आहे: स्वतंत्र वैद्यकपद्धती म्हणून नाही, उपचाराचा एक प्रकार म्हणून, आणि तो नोंदणीकृत डॉक्टरांनी किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनी करावा, असा. योग्य प्रशिक्षण म्हणजे किती तास, कोणाच्या देखरेखीखाली, हे त्या ओळीत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मानसिक आरोग्य व्यावसायिकांची व्याख्या आहे. मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्याच्या परिचारिका, मनोविकार क्षेत्रातले समाजकार्यकर्ते तीत बसतात. नुसता ‘संमोहनोपचारक’ त्या व्याख्येत नाही. त्यामुळे भिंतीवरचं प्रमाणपत्र पाहून रोग्याला एवढंच कळतं, की या माणसाने कुठेतरी शुल्क भरलं होतं.