पोकेमॉन टियर

पोकेमॉन टियर म्हणजे पोकेमॉन गेममधल्या प्राण्यांची, दोन खेळाडू एकमेकांशी लढताना कोण किती कामाला येतो ह्यावरून लावलेली उतरंड. गेमची स्टोरी संपवायला कोण बरा पडतो त्याच्याशी हिचा संबंध नाही, तिथे कुठलाही पोकेमॉन लेव्हल वाढवून चालवता येतो. इथे टियर आणि व्हायबिलिटी रँकिंग ह्या दोन गोष्टी वेगळ्या धरल्यात, कारण बोलताना लोक दोन्हीला टियरच म्हणतात आणि त्यातून निम्मे वाद होतात. टियर मोजून ठरते, रँकिंग अनुभवी खेळाडू चर्चा करून ठरवतात.

सुरुवात कुठून धरायची ह्यावर एकमत नाही. पहिले गेम जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ ला आले, पोकेमॉन १५१, आणि लिंक केबल लावून लढता येत असल्यामुळे कोण भारी हा प्रश्न तेव्हापासूनचाच असणार. निन्टेन्डो ६४ वरच्या पोकेमॉन स्टेडियममध्ये पोके कपला म्यूटू आणि म्यू चालत नसत, लेव्हल ५० ते ५५ आणि निवडलेल्या तिघांची बेरीज १५५ च्या आत, म्हणजे काही जणांना बाहेर ठेवल्याशिवाय खेळ नीट होत नाही हे गेम बनवणाऱ्यांनीही मान्य केलेलं दिसतं. पण ती बंदी झाली, उतरंड नाही. पायऱ्या पाडायचं काम खेळाडूंनी केलं आणि आज जी नावं सगळीकडे चालतात ती मुख्यतः स्मोगॉन युनिव्हर्सिटी ह्या खेळाडूंच्या समुदायामुळे रुळली. हा समुदाय डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाला, स्मोगॉन हे कॉफिंग ह्या विषारी धुरवाल्या पोकेमॉनचं जर्मन नाव. निन्टेन्डो किंवा गेम बनवणाऱ्या गेम फ्रीकनी ह्या टियर बनवलेल्या नाहीत आणि अधिकृत स्पर्धांना त्या लागूही नाहीत.

नावं वापरावरून पडलीयत. ओव्हरयूज्ड म्हणजे ओयू, त्याखाली अंडरयूज्ड यूयू, रेअरलीयूज्ड आरयू, नेव्हरयूज्ड एनयू, मग पीयू आणि शेवटी झेडयू. पीयूचा फुल फॉर्म शोधत बसू नये, तो नाहीच, घाण वास आला की इंग्लिशमध्ये जो उद्गार काढतात तो इथे नाव म्हणून चिकटलाय. खालच्या टियरचा पोकेमॉन वर खेळवता येतो, वरचा खाली आणता येत नाही. मधे एक बीएल म्हणजे बॉर्डरलाइन असते, खालच्या टियरला झेपत नाही म्हणून तिथून बॅन झालेले पण वरच्या टियरमध्ये कोणी पुरेसे वापरत नाही असे पोकेमॉन तिच्यात अडकतात. उबर ही ओयूच्या वर दिसते खरी पण ती वापरावरून ठरत नाही, ती मुळात ओयूमधून काढलेल्यांची यादी, हे बऱ्याच ठिकाणी चुकीचं लिहिलेलं आढळतं.

आता वापर किती म्हणजे पुरेसा, हा ह्या विषयातला सगळ्यात तांत्रिक भाग. बरीच वर्षं कटऑफ ३.४१ टक्के होता, आणि हा आकडा कोणीतरी मनाने टाकलेला वाटतो पण तसं नाही. शंभर टीमपैकी जितक्या टीममध्ये एखादा पोकेमॉन असेल तो त्याचा वापर. प्रश्न असा घेतला की २० लढती खेळल्या तर तो समोर निदान एकदा यायची शक्यता ५० टक्के व्हायला वापर किती हवा. एका लढतीत तो न भेटायची शक्यता ९६.५९ टक्के धरली आणि तिला तिनेच वीस वेळा गुणत गेलं तर जवळजवळ बरोबर निम्मी उरते, म्हणून ३.४१. पुढे आठव्या पिढीच्या (गेमच्या दर नव्या टप्प्याला पिढी म्हणतात) काळात वीसच्या जागी १५ लढती धरल्या आणि कटऑफ ४.५२ वर गेला, म्हणजे गणित तेच ठेवून ओयूचं दार थोडं अरुंद केलं. शिवाय सगळ्या टीम सारख्या मोजत नाहीत, वरच्या रेटिंगवाल्या खेळाडूंच्या टीमला वजन जास्त असतं, नाहीतर नवे लोक आवड म्हणून चॅरिझार्ड टीममध्ये घेणार आणि तो ओयूत जाऊन बसणार. हे आकडे पोकेमॉन शोडाउन ह्या सिम्युलेटरवरच्या, म्हणजे ऑनलाइन लढायच्या साइटवरच्या, लढतींमधून निघतात, तो २०११ पासूनचा. त्याआधी नेटबॅटल, शॉडी बॅटल वगैरे सिम्युलेटर होते.

ह्या पद्धतीवर आक्षेप असा घेतात की वापर म्हणजे ताकद नव्हे. हे खरंय, पण टियरचा दावाही तो नाहीच. तिचा उपयोग एवढाच की ओयूमध्ये कोणी विचारत नाही अशा शेकडो पोकेमॉनना स्वतःचं मैदान मिळतं, आणि माझ्या मते टियर पद्धतीचं सगळ्यात मोलाचं काम तेच आहे.

बॅन मात्र आकड्यांनी होत नाही. एखादा पोकेमॉन फारच जड जातोय असं वाटलं की सस्पेक्ट टेस्ट लावतात, लॅडरवर, म्हणजे रेटिंगसाठीच्या लढतींमध्ये, ठरलेलं रेटिंग गाठलेल्यांनाच मत देता येतं आणि साधारण ६० टक्के मतं विरोधात पडली की बॅन. अगदीच उघड केस असेल तर त्या टियरची खेळाडूंची कौन्सिल थेट निर्णय घेते. कधीकधी पोकेमॉनपुरतं भागत नाही. पाचव्या पिढीत ड्रिझल आणि स्विफ्ट स्विम ह्या दोन अबिलिटी, म्हणजे पोकेमॉनचे अंगभूत गुण, एका टीममध्ये एकत्र ठेवायला बंदी आली, कारण पाऊस पाडणारा एक आणि पावसात दुप्पट स्पीडने पळणारे बाकीचे असं कॉम्बो अडवताच येईना. आठव्या पिढीत तर डायनामॅक्स, म्हणजे पोकेमॉन काही टर्न राक्षसी आकाराचा करायची सोय, ही अख्खी मेकॅनिकच ओयूमधून काढली. आणि मेगा रेक्वाझा, म्हणजे रेक्वाझाचं लढतीपुरतं जास्त ताकदीचं रूप, उबरलासुद्धा झेपला नाही, असं रूप घ्यायला बाकीच्यांना जवळ ठेवावा लागणारा मेगा स्टोन त्याला लागत नाही, ड्रॅगन असेंट मूव्ह असली की झालं, आयटमची जागा मोकळीच राहते, त्याच्यामुळे उबरच्याही वर एनीथिंग गोज नावाची बिनबंदीची पायरी करावी लागली.

स्टॅटची, म्हणजे एचपी (जीव), अटॅक, स्पीड अशा ताकदीच्या आकड्यांची, बेरीज बघून पोकेमॉन चांगला की वाईट ठरवणं ही नवख्यांची नेहमीची सवय, आणि ती का चुकते ह्याला वॉबफेटइतकं चांगलं उदाहरण नाही. त्याची बेस स्टॅटची बेरीज ४०५, स्वतःहून हल्ला करायला एक साधी मूव्ह नाही, पण तिसऱ्या पिढीत त्याला शॅडो टॅग ही अबिलिटी मिळाली म्हणजे समोरच्याला पोकेमॉन बदलून आत घेता येईना, आणि खाल्लेला मार दुप्पट परत करणारे काउंटर, मिरर कोट आणि समोरच्याला तीच मूव्ह पुन्हा करायला लावणारं एन्कोर एवढ्यावर तो ६८० वाल्या म्यूटूच्या शेजारी उबरमध्ये जाऊन बसला. दोन वॉबफेट समोरासमोर आले, दोघांकडे दर टर्नला थोडा एचपी भरून देणारा लेफ्टओव्हर्स हा आयटम असला, तर लढत संपेच ना, म्हणून चौथ्या पिढीत शॅडो टॅगवाल्याला शॅडो टॅग लागू होत नाही असा बदल गेममध्येच झाला. उलट स्लेकिंगची बेरीज ६७०, पण ट्रुअंट ह्या अबिलिटीमुळे तो एक टर्न आड बसून राहतो, त्यामुळे तो बहुतेक खालच्या टियरमध्येच.

कधी दोन पॉइंटचा फरकही पुरतो. गारचॉम्प आणि सॅलमेन्स दोघांची बेरीज ६००, पण सॅलमेन्सचं स्पीड १०० आणि गारचॉम्पचं १०२. शंभरवर झॅपडॉस, जिराची, सेलेबी अशी गर्दी आहे, तिथे दोघांचं स्पीड सारखं असेल तर आधी कोण मारणार हे नशिबावर, गारचॉम्प त्या सगळ्यांच्या आधी मारतो. चौथ्या पिढीत तो उबरला गेला त्यात वाळूच्या वादळात चकवणाऱ्या सँड व्हेल अबिलिटीचाही हात होता हे मान्य, तरी त्या दोन पॉइंटशिवाय गोष्ट पुरी होत नाही.

नियम बदलले की उतरंड हलते. पहिल्या पिढीत स्पेशल हा एकच स्टॅट होता, म्हणून चॅन्सीचं १०५ स्पेशल मार खायलाही आणि द्यायलाही चालायचं, दुसऱ्या पिढीत त्याचे दोन तुकडे झाले आणि तिचा स्पेशल अटॅक ३५ वर आला. क्रिटिकल हिट, म्हणजे जादा नुकसान करणारा फटका, हाही तेव्हा स्पीडवरून ठरायचा, टॉरोसला साध्या मूव्हवर जवळपास २१ टक्के, स्लोब्रोला ६ च्याही खाली. टॉरोस, चॅन्सी, स्नॉरलॅक्स हे तेव्हाचं गाजलेलं त्रिकूट, आणि त्यात टॉरोस शेवटी उरलेल्यांना आवरायला. चौथ्या पिढीपासून स्टेल्थ रॉक ह्या दगड पसरणाऱ्या मूव्हने मैदानात येणाऱ्या प्रत्येकाकडून टाइपप्रमाणे (फायर, फ्लाइंग अशी जात) एचपी घ्यायला सुरुवात केली, साधा हिशोब साडेबारा टक्के, पण फायर-फ्लाइंग चॅरिझार्डचे निम्मे. आठव्या पिढीत ह्या दगडांपासून वाचवणारा हेवी-ड्यूटी बूट्स हा आयटम आला आणि दगड चौपट लागणारे व्होल्कारोनासारखे पोकेमॉन बिनधास्त आत-बाहेर करू लागले.

व्हायबिलिटी रँकिंगमध्ये एकाच टियरमधले पोकेमॉन एस, ए, बी, सी असे लावतात, वर प्लस-मायनस. वापर जास्त पण रँक कमी, असं सर्रास होतं, कारण एखादा सोपा म्हणून घेतला जातो आणि एखादा अवघड टीमवरच शोभतो. एस हे अक्षर एच्या वर का, ह्यावर दोन मतं आहेत. एक मत असं की ते सुपर किंवा स्पेशलचं आद्याक्षर. दुसरं असं की ते जपानी गुणपद्धतीतून आलं, तिथे बऱ्याच विद्यापीठांत सर्वात वरच्या श्रेणीला एस किंवा शू म्हणतात, शू म्हणजे उत्कृष्ट. जपानी गेममध्ये मिशन किंवा फाइट संपल्यावर एस रँक द्यायची पद्धत जुनी आहे, ते बघता दुसरं मत जास्त पटतं, सुपर वगैरे अर्थ मागाहून जोडलेला वाटतो.

वरचं सगळं सिंगल्सचं, म्हणजे एकास एक लढतीचं. अधिकृत वीजीसी (व्हिडिओ गेम चॅम्पियनशिप्स) स्पर्धा डबल्सच्या, म्हणजे एकावेळी दोन-दोन पोकेमॉनच्या, असतात, सहा आणायचे आणि चार खेळवायचे, तिथे स्मोगॉनच्या सिंगल्स टियरचा काही उपयोग नाही. २०१४ च्या जागतिक स्पर्धेत कोरियाचा से जुन पार्क पाचिरिसू घेऊन जिंकला, फॉलो मी वापरून समोरच्याचे हल्ले स्वतःवर ओढायचे आणि शेजारच्या मोठ्या पोकेमॉनला मोकळं सोडायचं एवढंच त्या खारीचं काम होतं. पाचिरिसूच्या बेस स्टॅटची बेरीजही, वॉबफेटसारखीच, ४०५.