कल्हईच्या उलट काम

भाचा ओहायोत असतो. तिकडे नेमबाजीचा छंद असलेली बरीच मंडळी शिशाच्या गोळ्या घरीच ओततात. (आपल्याकडे हे करायला जाऊ नका. 1959च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे.) परवा त्याने फोटो पाठवला. नव्याकोऱ्या बिडाच्या साच्यातून निघालेल्या दहा गोळ्या, सगळ्यांच्या अंगावर खारकेसारख्या सुरकुत्या, आणि जिथे कडा धारदार हवी तिथे गुळगुळीत गोलाई. खाली एकच ओळ: "मामा, साचा फसवा निघाला. परत करू?"

म्हटलं थांब, आधी भांडी घासायच्या साबणाने धू.

साचा कोरताना हत्यारावर तेल सोडलेलं असतं. ते पुसलं तरी बिडाच्या बारीक छिद्रांत उरतं. वितळलेल्या शिशाचा पावणेचारशे-चारशे अंशांचा रस त्यावर पडला की तेलाची वाफ होते. रस त्या वाफेवर तरंगतो आणि भिंतीला टेकण्याआधीच गोठतो, म्हणून सुरकुत्या. गरम पाणी, साबण आणि जुना टूथब्रश एवढं पुरतं. नवा बिडाचा तवा आपण तेल पाजून मुरवतो. तीच सवय इथे नडते.

पण कडा गोल का झाल्या? हा माझ्या आवडीचा भाग आहे, तेव्हा जरा लांबण लागेल.

वितळलेल्या शिशाचा पृष्ठताण पाण्याच्या सुमारे सहापट, म्हणजे मीटरला 0.45 न्यूटन. त्याला गोल व्हायचीच ओढ. बाल्टिमोरला 1828 साली बांधलेला 71 मीटर उंचीचा मनोरा अजून उभा आहे. त्याच्या माथ्यावरून वितळलेलं शिसं चाळणीतून खाली सोडत. पडता पडताच थेंब गोल होत आणि तळाच्या पाण्यात थंड होत. साचा नको की काही नको. साच्यात मात्र हीच ओढ आडवी येते. समजा, कोपऱ्याच्या गोलाईची त्रिज्या 0.1 मिमीच राहायला हवी. तेवढ्या चिंचोळ्या जागी रस शिरायला लागणारा दाब म्हणजे 0.45 भागिले 0.0001, अर्थात 4500 पास्कल. द्रव शिशाच्या स्तंभाच्या भाषेत सव्वाचार सेंटिमीटर उंची! गोळी जेमतेम दीड-दोन सेंमीची. उरलेला दाब आणायचा कुठून? म्हणून रस उंचावरच्या भांड्यातून थेट सोडतात आणि तोंडाशी त्याचं चांगलं डबकं साचू देतात.

आता गंमत बघा. साच्याच्या दोन्ही फळ्या जिथे मिटतात तिथे हवा जायला केसासारख्या रेघा कोरलेल्या असतात. रेघेची खोली 0.05 मिमी धरली, तर तिच्यात शिरणाऱ्या रसाच्या गोलाईची त्रिज्या त्याच्या निम्मी, 0.025 मिमी. म्हणून शिसं घुसायला 0.45 भागिले 0.000025, अर्थात 18,000 पास्कल लागतील, म्हणजे शिशाचा जवळजवळ 17 सेंमीचा स्तंभ. तेवढा दाब साच्यात नसतोच. हवा निसटते, शिसं दारातच अडतं. कोपऱ्यात वैर करणारा पृष्ठताण रेघेवर राखण करतो. म्हणून त्या रेघा बुजू द्यायच्या नाहीत आणि सुरीने खरवडायच्याही नाहीत.

ओतणाऱ्यांत एक समज पक्का आहे: रसात दोन टक्के कथील घातलं की पृष्ठताण उतरतो. कथील घातल्याने गोळी भरीव येते हे खरं, पण कारण चुकीचं. शुद्ध कथिलाचा पृष्ठताण शिशापेक्षा जास्त आहे, 0.55च्या आसपास. शिशावर हवेने दुधाच्या सायीसारखी ऑक्साइडची कातडी धरते आणि वाहत्या रसाला तीच जखडते. कथील ती कातडी पातळ ठेवतं.

धुतल्यावर साचा रिकामाच दोनशेएक अंशांपर्यंत तापवायचा आणि हवेत आपोआप निवू द्यायचा. असं तीनदा. बिडावर ऑक्साइडचा पापुद्रा बसू लागतो. 220 अंशांच्या सुमारास गवती पिवळा, 300 जवळ निळा. हा रंग कुठल्या रंगद्रव्याचा नाही, साबणाच्या फुग्यावर दिसतो तसला, पापुद्र्याच्या जाडीतून आलेला. आपला कल्हईवाला याच्या नेमकं उलट करतो. तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकून तो ऑक्साइड घालवतो, म्हणजे उघड्या तांब्याला कथील चिकटतं. इथे काहीही चिकटायला नको, म्हणून ऑक्साइड जपायचा. लोखंड आणि शिसं एरवीही एकमेकांत विरघळत नाहीत, पण पितळी साचा उघडा पडला आणि फार तापला तर रसातलं कथील त्यालाच कल्हई करून बसतं!

मेणबत्तीवर धरून साच्याला काजळी द्यायचीही तिकडे प्रथा आहे. नव्या बाळाला तीट लावावी तशी. काजळीने गोळी सहज सुटते हे नाकारत नाही. पण काजळी उष्णता अडवते आणि तिच्या जाडीइतकी गोळी बारीक होते. बहुतेक वेळा ती न धुतलेल्या तेलावर पांघरूण असते. "साचा मालकाचा हात ओळखतो" असंही एक ऐकलं. साचा तापमान ओळखतो, बस.

बाकी निगा थोडकी. बिजागरीला तेलाचा नुसता स्पर्श, जास्त झालं तर तापल्यावर ते खाचेत उतरतं. गरम साचा पाण्यात बुडवायचा नाही. गोळी अडकली तर साच्यावर नव्हे, मुठीच्या बिजागरीवर लाकडाने टकटक करायची. पाण्याचा थेंब रसात जाता कामा नये. त्याची वाफ हजारपटीहून जास्त फुगते आणि शिसं तोंडावर उडतं. रसावर साचणारी मळी काढल्यावर तिची धूळ हाताला लागते, आणि शिसं पोटात जातं ते मुख्यतः याच वाटेने. हात धुतल्याशिवाय खाणंपिणं नाही.

काल दुसरा फोटो आला. पहिल्या पंधरा-वीस अजून सुरकुतलेल्याच, साचा तापलेला नव्हता. त्या त्याने परत भांड्यात टाकल्या. पुढच्यांच्या कडा नखाला टोचतील अशा होत्या. आता विचारतोय, दुसरा साचा ॲल्युमिनियमचा घेऊ का. तो बिडाच्या साधारण तिप्पट वेगाने उष्णता वाहतो, गंजत नाही, पण अंगाने मऊ. घे म्हटलं, फक्त मिटताना आपटू नकोस.