हेम्पच्या पानामागची वस्ती

दादरला आमच्या गॅलरीतल्या जास्वंदीवर पावसाळा सरला की मावा पडतो. भिंग धरलं की कळीच्या देठावर सोंड खुपसून बसलेले हिरवट जीव दिसतात, आणि त्यांच्या गोड चिकट्यासाठी खेपा घालणाऱ्या मुंग्या.

मुंबईतल्या दुकानांत हेम्पचे, म्हणजे औद्योगिक भांगेच्या धाग्याचे, सदरे दिसू लागले तसं एक वाक्यही कानावर येऊ लागलं: ‘या पिकाला कीडच लागत नाही.’ हे खरं नाही. हेम्पला स्वतःचा मावा आहे. पुष्कळ मावे ऋतूनुसार झाडं बदलतात. हा वर्षभर भांगेवरच राहतो. उबदार दिवसांत माद्या नराशिवाय थेट पिल्लं देतात. थंडीच्या तोंडावर नर जन्मतात आणि मग अंडी घातली जातात.

त्याहून चोरटा आहे एक सूक्ष्म कोळी. लांबी जेमतेम ०.२ मिलिमीटर, शरीर गाजरासारखं निमुळतं, आणि इतर कोळ्यांना आठ पाय असताना याला फक्त चार! पानांच्या कडा वर वळतात तेव्हा कुठे पत्ता लागतो. मिरचीचा चुरडामुरडा पाहिलेल्या शेतकऱ्याला ही खूण लगेच कळेल. अमेरिकेत मक्याच्या कणसातली अळी हेम्पचे तुरे आणि कोवळं बी खाते. आपल्या हरभऱ्यावरची घाटेअळी तिचीच जवळची नातलग.

तरी किडा दिसला की पीक गेलं, असं नाही. धागा खोडाच्या सालीत असतो, त्यामुळे धाग्याच्या पिकात थोडी पानं कुरतडली गेली तर फारसं बिघडत नाही. खोड पोखरणारी अळी मात्र ताटच मोडते. शिवाय शेतात मावा खाणारे ढालकिडे, क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या किड्याच्या अळ्या आणि जाळी विणणारे कोळीही असतात. सरसकट फवारणीत आधी हेच मरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि मधमाश्या! हेम्पचं परागण वारा करतो, फुलात मध नसतो. तरीही नर फुलांच्या परागासाठी मधमाश्या येतात, तेही आसपासची फुलं संपत आलेली असताना. न्यूयॉर्क राज्यातल्या हेम्पच्या शेतांत मधमाश्या धरून त्यांच्या कुळातल्या १६ जातींच्या माश्या सापडल्या. उंच वाणांवर त्या जास्त होत्या, आणि धाग्यासाठी लावतात ते वाण उंचच असतात.

भारतात १९८५ च्या अमली पदार्थांविषयीच्या कायद्याने या लागवडीची परवानगी राज्यांच्या हाती ठेवली आहे. उत्तराखंडने २०१८ साली ती पहिल्यांदा दिली. तिथल्या डोंगरउतारांवर भांग पूर्वीपासून रानोमाळ उगवते, आणि तिच्यावर जगणारे किडेही.