सोळाव्या वर्षी बीपी?

‘आमच्या घराण्यातच बीपी आहे,’ हे बहुधा पन्नाशीतले काका म्हणतात, तेही लोणच्याची दुसरी फोड वाढून घेताना. सोळा वर्षांच्या मुलीबद्दल तसं म्हणायची वेळ आली तर?

अमेरिकेत डॉ. ग्रँट लिडल यांच्यापुढे अशी एक मुलगी आली होती. रक्तदाब भलताच चढलेला, रक्तातलं पोटॅशियम उतरलेलं, भावंडांचीही तीच गत. अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाचा अतिरेक झाला की शरीर मीठ धरून ठेवतं आणि असंच चित्र दिसतं. पण हिच्यात ते नाममात्रच होतं! दोष मूत्रपिंडातच असावा, असं लिडल यांनी १९६३ मध्ये मांडलं. पुढे त्या बाईंची मूत्रपिंडं निकामी झाली, १९८९ मध्ये दुसऱ्याचं बसवलं आणि रक्तदाब ताळ्यावर आला. लिडल यांचा तर्क अचूक होता.

जनुक सापडलं १९९४ मध्ये. मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत सोडियम पुन्हा शरीरात ओढून घेणारी दारं असतात. काम झालं की पेशी ती मोडीत काढते. या घराण्यात दारांवरची ‘मोडीत काढा’ ही खूणच गायब होती. दारं उघडीच, मीठ आत, मिठामागोमाग पाणी. आई किंवा वडील, कोणा एकाकडून बिघडलेली प्रत आली तरी पुरते.

असे रुग्ण फार विरळा. एरवी रक्तदाबाच्या वारशात शेकडो जनुकीय फरकांचा हात असतो आणि एकेकट्याचा वाटा जेमतेम अर्धा-एक मिलिमीटर पाऱ्याचा. वजनाचंही तेच. लठ्ठपणाशी नातं सांगणाऱ्या, २००७ मध्ये गाजलेल्या एफटीओ जनुकाचा जोखमीचा प्रकार जन्मवजनावर परिणाम करत नाही. तो बाळपण सरता सरता रंग दाखवू लागतो, मुख्यतः भुकेच्या वाटेने. समोर वडापाव नसेल तर बिचारं जनुक तरी काय करणार?

आपल्याकडे आणखी एक मेख आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा आणि बाळांचा मागोवा घेतला. नवजात बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंनी बरीच उणी, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळपास तेवढीच. यात जनुकं आहेत, तसंच आईचं पोषणही. ‘घराण्यातून आलं’ म्हणताना गर्भातले नऊ महिने आणि घरातली मिठाची बरणी, दोन्ही त्यात धरायला हवीत.

म्हणून किडकिडीत पोराचा रक्तदाबही मोजावा. तेराव्या वर्षापासून वेगवेगळ्या दिवशी तीनदा मोजून १३०/८० किंवा त्याहून जास्त भरला, तर तो उच्च धरतात. फक्त दंडाचा पट्टा मापाचा असू द्या. बारीक दंडाला मोठ्या माणसाचा पट्टा गुंडाळला, तर आकडा खरा असतो त्याहून कमी दिसतो.