वॉट ट्रान्समीटरचे, दिशा अॅरेची

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात काय नि देवगड बंदरात काय, वायरलेसला रेंज नाही म्हटलं की सल्ला ठरलेला: जास्त वॉटचा सेट घ्या. बोटीवरच्या मरीन व्हीएचएफ सेटला 25 वॉटची मर्यादाच आहे. ती नसती, तरी हा सल्ला फसलाच असता, कारण त्यात ट्रान्समीटर आणि अँटेना यांची कामं एकात एक मिसळली आहेत.

ट्रान्समीटर ठरलेल्या फ्रिक्वेन्सीची लहर तयार करतो, तिच्यावर आवाज चढवतो आणि ती वाढवून केबलमध्ये सोडतो. दिशेशी त्याचा संबंध नाही. अँटेना काढून 50 ओहमचा डमी लोड, म्हणजे त्याच्या जागचा नुसता रोधक, लावला तरी तो तेवढेच 25 वॉट देतो, फक्त सगळे उष्णतेत जातात. झोत वळवणारा फेज्ड अॅरे म्हणजे ठरावीक अंतरावर उभे केलेले अनेक अँटेना. सिग्नल सगळ्यांना एकच, पण प्रत्येकाला थोड्याथोड्या उशिराने. ज्या दिशेला सगळ्यांच्या लहरी जुळून येतात तिथे जोर वाढतो, बाकीकडे त्या एकमेकींना खोडतात. उशीर ज्या अँटेनाला, झोत त्याच्या बाजूला. अॅरे स्वतः एकही वॉट तयार करत नाही, मिळालेले वॉट वळवतो. शिवाय तो ज्या दिशेला बोलतो त्याच दिशेचं नीट ऐकतो. ट्रान्समीटरला ऐकणं नाहीच.

आणि समुद्रावर रेंज अडते ती बहुतेक वेळा क्षितिजाला. दोन्ही अँटेनांच्या उंचीची मीटरमधली वर्गमुळं काढा, बेरीज करा, 4.12 ने गुणा; उत्तर किलोमीटरमध्ये. किनाऱ्यावर 9 मीटर आणि बोटीवर 4 मीटर असेल तर जेमतेम 20 किलोमीटर. तोच किनाऱ्यावरचा अँटेना 100 मीटर उंचीच्या सड्यावर नेला की 49. ट्रान्समीटर दुप्पट वॉटचा केला तर 3 डेसिबल मिळतात, पण क्षितिज तिथेच राहतं.

अॅरेचं काम हाताने करून बघायचं तर हौशी रेडिओच्या 145 मेगाहर्ट्झवर दोन उभे अँटेना पुरतात. (प्रक्षेपणाला परवाना हवाच, आणि मरीन चॅनल 16 वर असले खेळ नकोत, तो संकटासाठी आहे.) लहर 2.07 मीटरची. दोन अँटेना उत्तर-दक्षिण ओळीत 1.03 मीटरवर उभे करा. सेटकडून आलेली केबल टी-कनेक्टरला जोडा, आणि टीपासून प्रत्येक अँटेनापर्यंत 75 ओहमची आरजी-59 केबल, 1.02 मीटरची, म्हणजे केबलमधल्या पाऊण लहरीइतकी (केबलमध्ये लहर हवेतल्यापेक्षा आखूड होते, त्याचा हिशेब पुढे). पाव लहरीचे 34 सेंटिमीटर हिशेबाला चालतात, पण दोन्ही तुकडे मिळून मधलं अंतरच गाठत नाहीत. 75 ओहमच का? थेट 50 ओहमच्या दोन केबली जोडल्या तर सेटला 25 ओहम दिसतात. या तुकड्यांमुळे साधारण 56 दिसतात, सेटला हव्या असलेल्या 50 च्या जवळ.

आता झोत पश्चिमेला समुद्राकडे आणि पूर्वेला सह्याद्रीकडे जातो. उत्तर-दक्षिण जवळजवळ शून्य. मग एकाच अँटेनाच्या बुडाशी 50 ओहमच्या आरजी-58 चा 68 सेंटिमीटरचा तुकडा घाला. अर्ध्या लहरीचा उशीर झाला आणि झोत किनाऱ्याला समांतर वळला, जयगड आणि देवगडच्या दिशेने. सेटच्या एकाही बटणाला हात लागलेला नाही.

गडबड होते ती कापताना. वरची मापं घन पॉलिथिलीनच्या केबलची आहेत, तिच्यात लहर हवेतल्या वेगाच्या 66 टक्क्यांनी धावते. डिश टीव्हीची फोमवाली आरजी-6 उरलेली असते म्हणून तीच वापरली, तर तिथे वेग 82 टक्क्यांच्या आसपास. पाव लहर 34 ची 42 सेंटिमीटर होते.

मोबाइल टॉवरवरच्या 5जी पॅनेलपाशी मात्र ट्रान्समीटर आणि अॅरे या दोन्ही वस्तू खरंच एकमेकींत शिरल्या आहेत. तिथे एक मोठा ट्रान्समीटर नसतो. अनेक पॅनेलांत 64 छोटे असतात, आणि प्रत्येकाचा फेज, म्हणजे लहरीचा उशीर, संगणक ठरवतो. 3.5 गिगाहर्ट्झला अर्धी लहर 4.3 सेंटिमीटर. त्या अंतरावरच्या अँटेनांचा झोत 30 अंश वळवायला शेजारच्या प्रत्येकाला 90 अंशांचा, म्हणजे पाव लहरीचा, उशीर लागतो, वेळेत सुमारे 71 पिकोसेकंद. यातले दहा टक्के छोटे ट्रान्समीटर मेले तरी झोत जेमतेम 1 डेसिबलने उतरतो. एकाच ट्रान्समीटरवर चालणाऱ्या अॅरेचा ट्रान्समीटर गेला की सगळंच मुकं.

बिघाड ओळखायलाही हाच फरक कामाला येतो. सिग्नल सगळीकडे सारखाच पडला असेल तर संशय सेटवर किंवा सामाईक केबलवर. डमी लोडवर पूर्ण वॉट आले की सेट निर्दोष. एकाच दिशेला पडला, किंवा जिथे शून्य हवं तिथून आवाज यायला लागला, तर अॅरेतला एखादा कनेक्टर बघा. खाऱ्या वाऱ्यात तांब्याला हिरवा गंज चढतो आणि उघडी राहिलेली जाळी पावसाचं पाणी आत ओढते. अँटेनाकडून किती ताकद परतते ते दाखवणाऱ्या एसडब्ल्यूआर मीटरवर फार विसंबू नका: पाणी शिरलेली केबल परतणारी ताकद वाटेतच खाते, त्यामुळे सेटपाशी आकडा उलट चांगला दिसतो. म्हणून मोजायचं ते अँटेनाच्या बुडाशी.