डीटीपीमधील ‘स्टाइल’ : छापखान्यापासून युनिकोडपर्यंतची पार्श्वभूमी

पेजमेकर, क्वार्कएक्सप्रेस किंवा इनडिझाइन या डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पाने मांडण्याच्या प्रोग्रॅमांमध्ये मथळा, पोटमथळा, मूळ मजकूर, तळटीप अशा प्रत्येक घटकाचा फाँट, आकार, ओळींमधले अंतर आणि समास एकदाच ठरवून त्या संचाला नाव देता येते. हीच ‘स्टाइल’ किंवा शैली. तिच्यात बदल केला की त्या नावाचे सगळे परिच्छेद एकदम बदलतात. सोय संगणकाची असली, तरी तिच्यामागची कामाची रीत खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या छापखान्यातली आहे. संपादक मुद्रणप्रतीवर टाइप आणि पॉइंट यांच्या खुणा करून देई आणि जुळारी त्याबरहुकूम खिळे जुळवी. रुळलेल्या कामात तर प्रत्येक ठिकाणी मापे लिहिण्याचीही गरज नसे. हा पोटमथळा आहे एवढे कळले, की तो कोणत्या टाइपात घ्यायचा हे जुळाऱ्याला ठाऊक असे.

संगणकीय जुळणी सुरू झाली तेव्हा घटकाचे नाव आणि त्याचे रूप यांची ही विभागणी मागे पडली. मजकुराच्या अधेमधे यंत्राला द्यायच्या आज्ञा लिहिल्या जात, आणि त्या त्या-त्या यंत्राच्या असल्यामुळे तोच मजकूर दुसऱ्या यंत्रावर किंवा दुसऱ्या मांडणीत वापरणे जिकिरीचे होई. १९६७ साली विल्यम टनिक्लिफ यांनी कॅनडाच्या सरकारी मुद्रणालयातील एका बैठकीत दस्तऐवजाचा आशय त्याच्या रूपापासून वेगळा ठेवावा, असा विचार मांडला. त्याच सुमारास न्यूयॉर्कमधील ग्रंथ-आरेखक स्टॅन्ली राइस यांनीही संपादकीय रचनेवर बेतलेल्या खुणांची कल्पना सुचवली. १९६९ मध्ये आयबीएममधील चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी जीएमएल ही खुणांची भाषा तयार केली. तिच्यातूनच पुढे एसजीएमएल घडली आणि १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरली.

दुसरा प्रवाह पडद्यावरच पान जसेच्या तसे पाहू इच्छिणाऱ्यांचा होता. झेरॉक्सच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात १९७४ मध्ये बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्राव्हो हा मजकूर-संपादनाचा प्रोग्रॅम तयार केला. सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले, आणि १९८३ मध्ये डॉस या संगणक-प्रणालीवर आलेल्या वर्डमध्ये स्टाइल शीटची, म्हणजे शैलींच्या संचाची सोय होती.

डेस्कटॉप पब्लिशिंगची सुरुवात ज्या प्रोग्रॅमने झाली असे मानतात, त्या पेजमेकरच्या १९८५ मधील पहिल्या आवृत्तीत मात्र ती नव्हती. याचे कारण त्याच्या रचनेत दिसते. आल्डस कंपनीचे संस्थापक पॉल ब्रेनर्ड वृत्तपत्रांच्या व्यवसायातून आलेले होते, आणि पेजमेकरने कातरलेले मजकुराचे पट्टे पानावर चिकटवण्याचे काम पडद्यावर आणले. तिथे विचाराचे एकक पान होते, ग्रंथ नव्हे. याउलट १९८६ मध्ये आलेल्या व्हेंचुरा पब्लिशरने लांबलचक पुस्तके आणि तांत्रिक पुस्तिका नजरेसमोर ठेवल्या होत्या. त्यात मजकूर वर्ड प्रोसेसरच्या मूळ फाइलीतच राही, परिच्छेदाच्या आरंभी फक्त टॅगचे, म्हणजे शैलीच्या खुणेचे नाव लिहिले जाई आणि त्या टॅगचे रूप वेगळ्या स्टाइल शीटमध्ये असे. शैलींच्या बाबतीत व्हेंचुरा काळाच्या बराच पुढे होता, असे माझे मत आहे. पेजमेकरला स्टाइल शीट मिळायला १९८८ मधील तिसरी आवृत्ती यावी लागली. परिच्छेदातल्या मोजक्याच शब्दांना लागू होणाऱ्या अक्षर-शैली तर क्वार्कएक्सप्रेसमध्ये १९९७ च्या चौथ्या आवृत्तीत आल्या. पेजमेकरला त्या शेवटपर्यंत, म्हणजे २००१ च्या सातव्या आवृत्तीतही, मिळाल्या नाहीत.

मराठी डीटीपीच्या दृष्टीने ही उणीव क्षुल्लक नव्हती. श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएम या भारतीय भाषांच्या सॉफ्टवेअरांचे फाँट वापरून पेजमेकरमध्ये जुळवलेल्या मजकुरात देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या संकेतांकांवर (संगणक ज्या क्रमांकाने अक्षर साठवतो त्यांवर) बसवलेले असत, आणि प्रत्येक कंपनीची ही मांडणी निराळी असे. त्यामुळे एखादा संकेतांक मराठी अक्षर आहे की इंग्रजी, हे फक्त त्याला लावलेल्या फाँटवरून ठरे. सगळ्या परिच्छेदाचा फाँट एका झटक्यात मराठी केला, की त्यातल्या इंग्रजी शब्दांच्या जागी अर्थहीन देवनागरी आकार उमटत. आशय आणि रूप वेगळे ठेवण्याच्या तत्त्वावर स्टाइल उभी असते. इथे रूपावरच आशय अवलंबून होता. मजकूर हाताने निवडून फाँट बदलत बसण्याच्या ऑपरेटरांच्या सवयीला आळस म्हणणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल. अक्षर-शैली नसलेल्या प्रोग्रॅममध्ये तो सावधपणाही होता.

प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र संकेतांक देणाऱ्या युनिकोड या मानकात देवनागरीला १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच स्थान होते, पण पानांची मांडणी करणाऱ्या प्रोग्रॅमांत जोडाक्षरे नीट उमटणे ही वेगळी अडचण होती. १९९९ मध्ये आलेल्या इनडिझाइनमध्ये मराठीसह अनेक भारतीय भाषांचा अधिकृत आधार २०१२ च्या सीएस६ आवृत्तीत आला. दरम्यान त्याच्या शैलींची ताकद वाढत गेली होती: २००३ मध्ये एका शैलीत दुसरी बसवण्याची सोय आली, तर २००८ च्या सीएस४ मध्ये ग्रेप स्टाइल, म्हणजे अक्षरांचा नमुना शोधून आपोआप लागणारी शैली आली. तिच्यामुळे परिच्छेद-शैलीतच असा नियम लिहिता येतो, की रोमन अक्षरांचा कोणताही गट सापडला तर त्याला अमुक अक्षर-शैली आपोआप लागावी. मराठी आणि इंग्रजी मिसळलेल्या पाठ्यपुस्तकांसारख्या कामात हा नियम फार उपयोगी पडतो.

जुन्या फाइलींना मात्र तो लागू पडत नाही, कारण तिथे दोन्ही लिप्यांचे संकेतांक एकच असतात. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो, आणि कोणता तुकडा कोणत्या फाँटमध्ये होता ही नोंद रूपांतर पूर्ण होईपर्यंत जपावी लागते. मजकूर साध्या टेक्स्ट फाइलीत उतरवून घेतला की ही नोंद नाहीशी होते. मग इंग्रजी शब्द ओळखण्याचे काम मुद्रितशोधकाकडे येते.